लघुउद्योगातील अंतर्गत बढती आणि नेतृत्वनिर्मिती : बुलडाणा जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

लघुउद्योगांची चर्चा बहुधा भांडवल, कच्चा माल, वीजपुरवठा आणि बाजारपेठ या चार विषयांभोवती फिरते. मनुष्यबळाचा विचार झालाच तर तो कामगारांच्या तुटवड्यापुरता मर्यादित राहतो. उद्योगात दहा-पंधरा वर्षे काम केलेल्या माणसांपैकी कोणी उद्या तो उद्योग चालवू शकेल काय, हा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही. मालक आजारी पडला, त्याची मुले शिक्षणासाठी पुण्या-मुंबईस जाऊन तेथेच स्थिरावली, किंवा उद्योगाची दुसरी शाखा काढण्याची वेळ आली, म्हणजे हा प्रश्न एकाएकी पुढे उभा राहतो. त्या वेळी घाईने एखाद्या जुन्या विश्वासू कर्मचाऱ्यास 'व्यवस्थापक' म्हटले जाते. काही महिन्यांत मालक निराश होतो, कर्मचारी दुखावतो आणि उद्योग एक चांगला कारागीर गमावून बसतो.

असे का घडते? दोष व्यक्तीचा असतो की बढती देण्याच्या रीतीचा? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे. लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : अंतर्गत बढती म्हणजे मागील सेवेचे बक्षीस नव्हे, ते एका नव्या कामावरील नेमणुकीचे स्वरूप आहे. ती यशस्वी होण्यासाठी दोन अटी पूर्ण व्हाव्या लागतात. पहिली, मालकाने आपल्या अधिकाराचा काही भाग खरोखर सोडला पाहिजे. दुसरी, बढतीमुळे कर्मचाऱ्याचे जे नुकसान होते ते मोजून भरून दिले पाहिजे.

लेखाची उद्दिष्टे

१. बढती आणि नेतृत्व या संकल्पनांतील फरक स्पष्ट करणे.
२. अंतर्गत बढतीचे लाभ आणि तिच्यातील धोके यांचा विचार करणे.
३. महाराष्ट्रातील काही दाखल्यांच्या आधारे यशाची कारणे शोधणे.
४. बढतीचे आर्थिक व कायदेशीर परिणाम मांडणे.
५. जिल्ह्यातील लघुउद्योगांस उपयुक्त अशी कार्यपद्धती सुचविणे.

जिल्ह्यातील उद्योगांचे स्वरूप

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम २००६ नुसार उत्पादन क्षेत्रात यंत्रसामग्रीतील गुंतवणूक २५ लाख रुपयांहून अधिक व ५ कोटी रुपयांपर्यंत असलेला उद्योग लघुउद्योग मानला जात असे. १ जुलै २०२० पासून गुंतवणुकीस उलाढालीचा निकष जोडण्यात आला. १ एप्रिल २०२५ पासून या मर्यादा पुन्हा वाढविण्यात आल्या. त्यानुसार सूक्ष्म उद्योगासाठी गुंतवणूक २.५ कोटी व उलाढाल १० कोटी, तर लघुउद्योगासाठी गुंतवणूक २५ कोटी व उलाढाल १०० कोटी रुपयांपर्यंत आहे. प्रस्तुत विवेचनात मात्र 'लघुउद्योग' हा शब्द व्यवहारातील अर्थाने योजिला आहे : जेथे मालक प्रत्येक कर्मचाऱ्यास नावाने ओळखतो आणि बहुतेक निर्णय एकाच टेबलावर होतात, असा उद्योग.

बुलडाणा जिल्ह्यात असे उद्योग विपुल आहेत. खामगाव ही वऱ्हाडातील जुनी कापूस-बाजारपेठ. १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा लोहमार्ग सुरू झाला तो मुख्यतः कापसाच्या वाहतुकीसाठी. खामगावची चांदीची बाजारपेठही दूरवर प्रसिद्ध आहे. मलकापूर, नांदुरा आणि शेगाव ही गावे मुंबई–नागपूर लोहमार्गावर असल्याने तेथे व्यापार वाढला. जिनिंग-प्रेसिंग, डाळ मिल, तेलघाणी, कृषी अवजारांची दुरुस्ती, सराफी पेढ्या आणि भाविकांच्या गर्दीवर चालणारी शेगावची उपाहारगृहे ही जिल्ह्यातील लहान उद्योगांची परिचित रूपे होत. बुलडाणा शहरात १९८६ मध्ये राधेश्याम चांडक यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या बुलडाणा अर्बन पतसंस्थेने पुढे शाखांचे मोठे जाळे उभारले. छोट्या प्रारंभातून विस्तार होऊ शकतो याचे हे जिल्ह्यातील उदाहरण आहे. विस्तार म्हणजे प्रत्येक नव्या जागी निर्णय घेणारा एक नवा माणूस, हे येथे लक्षात घ्यावयाचे.

या उद्योगांत पदांची एक जुनी शिडी अस्तित्वात आहे. हमालाचा मुकादम होतो, हाताखालच्या पोऱ्याचा कारागीर आणि कारागिराचा वस्ताद होतो, पेढीवरील लेखनिकाचा मुनीम होतो. म्हणजे अंतर्गत बढती ही कल्पना येथे परकी नाही. परंतु या शिडीची शेवटची पायरी मालकाच्या घरातच असते. मुनिमास सर्व हिशेब ठाऊक असतो, पण निर्णय त्याच्या हाती नसतो. मुकादम माणसे हाकतो, पण त्यांचा दर तो ठरवीत नाही. अनुभव खालून वर चढतो आणि अधिकार मात्र वरच थांबतो, अशी ही रचना आहे.

बढती आणि नेतृत्व : संकल्पनात्मक फरक

बढती म्हणजे पद, वेतन वा दर्जा यांत झालेली वाढ. नेतृत्व म्हणजे इतरांच्या कामाची जबाबदारी स्वीकारून, अपुऱ्या माहितीच्या आधारे निर्णय घेऊन, त्या निर्णयाच्या परिणामांस उत्तरदायी राहणे. बढती आदेशाने देता येते. नेतृत्वाचे तसे नाही. मालकाने एखाद्यास पर्यवेक्षक म्हटल्याने सहकारी त्याचे ऐकतीलच असे नाही.

जिनिंग कारखान्याचे उदाहरण घेऊ. जिन-फिटरचे कौशल्य यंत्राशी बांधलेले असते. रोलर झिजला आहे, सुरीचे अंतर बिघडले आहे, सरकीबरोबर रुई जात आहे, हे तो आवाजावरून आणि हाताच्या अंदाजाने ओळखतो. याच फिटरला हंगामात कारखान्याचा व्यवस्थापक केले तर त्याच्यापुढील प्रश्न बदलतात. आज आलेल्या गाड्यांपैकी कोणती आधी रिकामी करावी? ओलसर कपाशीचा ढीग वेगळा ठेवावा की कोरड्यात मिसळावा? कंत्राटदाराने पंधरा माणसे कमी पाठविली तर कोणते काम थांबवावे? १७० किलोंची गाठ ठरलेल्या प्रतीची निघाली नाही तर व्यापाऱ्यास काय सांगावे? या प्रश्नांची उत्तरे यंत्र देत नाही. उत्कृष्ट फिटर हा उत्कृष्ट व्यवस्थापक होऊ शकतो; पण तो उत्कृष्ट फिटर आहे हे त्याचे कारण ठरत नाही.

अंतर्गत बढतीचे लाभ

असे असले तरी बाहेरून माणूस आणण्यापेक्षा आतल्या माणसास वर आणण्याचे लाभ मोठे आहेत. त्यास कच्चा माल, यंत्रांच्या खोडी, ग्राहकांचे स्वभाव आणि उधारीचा इतिहास ठाऊक असतो. हे ज्ञान कोठेही लिहिलेले नसते. बाहेरील उमेदवारास ते मिळविण्यासाठी एक-दोन हंगाम जातात. शिवाय एकाला वर येताना पाहून इतरांस टिकून राहण्याचे कारण मिळते.

या संदर्भात मॅथ्यू बिडवेल या अभ्यासकाचे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन उल्लेखनीय आहे. अमेरिकेतील एका गुंतवणूक बँकेतील नोंदींचा अभ्यास करून त्यांनी दाखविले की, बाहेरून घेतलेल्या कर्मचाऱ्यांस त्याच पदावर अंतर्गत बढतीने आलेल्यांपेक्षा सुमारे १८ टक्के अधिक वेतन मिळत होते. तरीही पहिल्या दोन वर्षांत त्यांच्या कामाचे मूल्यमापन कमी होते आणि नोकरी सोडण्याचे प्रमाण अधिक होते. गुंतवणूक बँक आणि डाळ मिल यांत महदंतर आहे, हे खरे. परंतु त्यामागील कारण, म्हणजे स्थानिक अनुभवाचे मूल्य, लघुउद्योगात अधिकच लागू पडते. कारण तेथे नियमपुस्तिका नसते आणि माणसांची स्मृती हेच दप्तर असते.

पीटर तत्त्व आणि त्याचा बोध

याची दुसरी बाजू लॉरेन्स पीटर आणि रेमंड हल यांनी १९६९ मधील आपल्या पुस्तकात मांडली. श्रेणीबद्ध रचनेत प्रत्येक जण आपल्या अकार्यक्षमतेच्या पातळीपर्यंत चढत जातो, असे त्यांचे विधान 'पीटर तत्त्व' म्हणून प्रसिद्ध आहे. जो चांगले काम करतो त्यास वर नेले जाते. जेथे त्यास काम जमत नाही तेथे बढती थांबते. आणि तो तेथेच राहतो. पुस्तकाचा सूर उपरोधिक होता. परंतु ॲलन बेन्सन, डॅनियल ली आणि केली शू यांनी २०१९ मध्ये विक्री-कर्मचाऱ्यांच्या नोंदींवरून केलेल्या अभ्यासात त्यास आधार मिळाला. अधिक विक्री करणाऱ्यांस बढती मिळण्याची शक्यता अधिक होती. मात्र बढतीपूर्वी अधिक विक्री करणारे व्यवस्थापक झाल्यावर त्यांच्या हाताखालील माणसांची कामगिरी तुलनेने घसरली.

मोठ्या कंपनीत असा एखादा चुकीचा निर्णय पचून जातो. लघुउद्योगात तो दुहेरी हानी करतो. कारखान्यात फिटर एकच असतो. त्यास व्यवस्थापक केल्यास यंत्रावरील जागा रिकामी होते आणि कार्यालयातील जागाही नीट भरत नाही. परत जुन्या कामावर जाणे म्हणजे गावात मान खाली घालणे, असे त्यास वाटते. खेडे वा तालुक्याच्या ठिकाणी कारखान्यातील पद आणि समाजातील प्रतिष्ठा यांची फारकत करता येत नाही. म्हणूनच अनेकदा अशी माणसे पद सोडण्याऐवजी नोकरी सोडतात.

महाराष्ट्रातील काही दाखले

अ) किर्लोस्करवाडी

सामान्य माणसांतून कर्तबगार माणसे घडविण्याचा महाराष्ट्रातील ठळक प्रयोग लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा होय. १८८८ मध्ये बेळगावात सायकलचे दुकान काढून त्यांनी प्रारंभ केला. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर यांचे उत्पादन सुरू झाले. बेळगावातील जागा सोडावी लागल्यावर औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळील माळरानाची जमीन दिली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. आज हे ठिकाण सांगली जिल्ह्यात आहे.

तेथे जमलेली माणसे मोठ्या पदव्या घेऊन आलेली नव्हती. शालेय शिक्षण अपुरे राहिलेले अनंतराव फळणीकर कल्पक अभियंता म्हणून पुढे आले. मंगेशराव रेगे यांनी कारकुनी व हिशेबाची धुरा वाहिली. शिक्षणात चमक न दाखविलेले के. के. कुलकर्णी व्यवस्थापन आणि अडचणींचे निवारण पाहत. गुन्ह्यासाठी शिक्षा भोगलेल्या माणसांकडेही वसाहतीच्या राखणीची जबाबदारी देण्यात आली होती. येथे दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, निवडीचा निकष पदवी वा सेवेची वर्षे हा नव्हता. नव्या कामाशी माणसाचा स्वभाव जुळतो काय हा होता. दुसरी, जबाबदारी नाममात्र नव्हती. हिशेब ज्याच्याकडे, तो हिशेब त्याचाच. मात्र सर्वोच्च सूत्रे कुटुंबाकडे राहिली, हेही नमूद केले पाहिजे. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव अमेरिकेतून अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन परतले व उद्योगाचा विस्तार त्यांच्या काळात झाला. म्हणजे कुटुंबाची मालकी आणि आतून घडलेले नेतृत्व या परस्परविरोधी गोष्टी नाहीत. त्यांच्या सीमा स्पष्ट असाव्या लागतात.

आ) श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास सुरुवात केली. पुढे या कार्याचा विस्तार अनेक राज्यांत झाला. संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांस २०२१ मध्ये पद्मश्री देण्यात आली. या संस्थेत काम करणाऱ्या स्त्रिया 'बहिणी' म्हणून ओळखल्या जातात व त्या सर्व सहमालक असतात. शाखेची प्रमुख म्हणजे संचालिका ही बहिणींतूनच येते; मध्यवर्ती व्यवस्थापन समितीच्या २१ सदस्याही त्यांच्यातीलच असतात. पापड लाटण्यापासून सुरुवात केलेली स्त्री संस्थेच्या अध्यक्षपदापर्यंत पोचल्याचे उदाहरण येथे आहे.

इ) मुंबईचे डबेवाले

१८९० मध्ये महादेव हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या डबे पोचविण्याच्या व्यवसायात प्रत्येक गटाचा प्रमुख 'मुकादम' असतो. तो अनुभवी डबेवाल्यांतूनच येतो. डब्यांची विभागणी, पैशांची नोंद, ग्राहकांच्या तक्रारी आणि गटातील तंटे ही त्याची कामे. एखादा सहकारी गैरहजर असल्यास तो स्वतः डबे उचलतो. २०२० मधील महासाथीने या व्यवसायास मोठा धक्का दिला. परंतु त्यापूर्वीच्या शतकाहून अधिक काळ ही व्यवस्था बाहेरून आणलेल्या अधिकाऱ्यांविना चालली.

शेवटचे दोन दाखले सहमालकीच्या तत्त्वावरील आहेत. खाजगी लघुउद्योगास ते जसेच्या तसे लागू होणार नाहीत. तरी त्यांतून एक समान सूत्र मिळते. वर गेलेली व्यक्ती खालच्यांपासून तुटत नाही. तिचे उत्पन्न, तिचा मान आणि तिचे काम सहकाऱ्यांशी जोडलेले राहते. त्यामुळे तिचा अधिकार त्यांनी मान्य केलेला असतो. खाजगी उद्योगात ही मान्यता आपोआप मिळत नाही. ती मुद्दाम निर्माण करावी लागते.

बढतीची किंमत कोण देतो?

बढती म्हणजे लाभच, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात हिशेब मांडला तर चित्र वेगळे दिसू शकते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका फिटरचे मासिक वेतन १७,००० रुपये आहे. महिन्याचे २६ दिवस व दिवसाचे ८ तास धरल्यास तासाचा दर सुमारे ८१.७३ रुपये येतो. हंगामात तो महिन्यास ३० तास जादा काम करतो व त्याचा मोबदला दुप्पट दराने मिळतो. ही रक्कम सुमारे ४,९०४ रुपये, म्हणजे हंगामातील एकूण मासिक प्राप्ती २१,९०४ रुपये होते. आता त्यास २१,५०० रुपयांवर पर्यवेक्षक केले आणि जादा कामाचा मोबदला बंद झाला. हंगामाबाहेर त्याची प्राप्ती वाढेल. परंतु ज्या महिन्यांत जबाबदारी सर्वाधिक, त्याच महिन्यांत त्याच्या हाती पूर्वीपेक्षा ४०४ रुपये कमी पडतील.

हिशेब येथेच संपत नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेची वेतनमर्यादा १ जानेवारी २०१७ पासून २१,००० रुपये करण्यात आली. ही योजना लागू असलेल्या आस्थापनेत मूळ वेतन या मर्यादेपुढे गेल्यास अंशदानाचा चालू कालावधी संपल्यावर कर्मचारी, आणि त्याच्याबरोबर त्याचे कुटुंब, तिच्या वैद्यकीय संरक्षणाबाहेर जाते. बोनस कायद्यातील पात्रतेची मर्यादाही २०१५ च्या दुरुस्तीने २१,००० रुपये करण्यात आली होती. अशा मर्यादा शासन वेळोवेळी बदलते. म्हणून वेतन ठरविण्यापूर्वी त्या दिवशी लागू असलेली मर्यादा तपासणे अगत्याचे आहे.

कायद्यातील स्थान हा तिसरा मुद्दा. औद्योगिक विवाद अधिनियम १९४७ मध्ये २०१० च्या दुरुस्तीनंतर मासिक १०,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारा पर्यवेक्षक 'कामगार' या व्याख्येत बसत नसे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहिता २०२० मध्ये ही मर्यादा १८,००० रुपये आहे. वरील उदाहरणातील फिटर पर्यवेक्षक होताच या व्याख्येबाहेर जाऊ शकतो. म्हणजेच कामावरून कमी केल्यास कामगार म्हणून दाद मागण्याचा त्याचा मार्ग अरुंद होतो. केवळ पदनामाने मात्र हे ठरत नाही. आनंद बाजार पत्रिका प्रकरणात १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, व्यक्तीची मुख्य कामे पर्यवेक्षणाची आहेत काय, हे पाहिले पाहिजे. यातून मालकांनाही बोध घेता येतो : अधिकार न देता केवळ 'सुपरवायझर' ही पाटी दिल्याने कायदेशीर जबाबदारी टळत नाही.

याखेरीज पैशांत न मोजता येणारी एक किंमत आहे. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला त्यांची रजा आज नाकारावी लागते. मालक त्यास आपला मानीत नाही आणि सहकारी त्यास आपला समजत नाहीत, असा मधला काळ प्रत्येक बढतीत येतो. तो किती लांबतो हे बहुतांशी मालकाच्या वर्तनावर अवलंबून असते.

मालकाची भूमिका

लघुउद्योगात बढती फसण्याचे सर्वांत मोठे कारण मालकाच्या सवयीत असते. नवा व्यवस्थापक एखाद्यास रजा नाकारतो. तो कर्मचारी थेट शेठजींकडे जातो. शेठजी जुन्या ओळखीने रजा देतात. एवढ्या एका प्रसंगाने व्यवस्थापकाचा अधिकार संपतो. पुढे त्याच्याकडे कोणी विचारावयास येत नाही. मालकाचा हेतू चांगला असतो. परिणाम मात्र वाईट होतो.

म्हणून बढतीच्या वेळी तीन गोष्टी हस्तांतरित झाल्या पाहिजेत. पहिली, खर्चाचा अधिकार. ठराविक रकमेपर्यंत सुटे भाग खरेदी करण्यास त्यास विचारावे लागू नये. दुसरी, माणसांविषयीचा अधिकार. कामाची वाटणी, रजा आणि पाळी यांबाबत त्याचा शब्द अंतिम असावा. मालकास तो बदलावयाचा असल्यास त्याने व्यवस्थापकाशी एकांतात बोलावे आणि बदल व्यवस्थापकानेच जाहीर करावा. तिसरी, माहिती. मालाचा खर्च, उतारा, येणे-देणे हे ज्यास ठाऊक नाही तो जबाबदारीने निर्णय घेऊ शकत नाही. हिशेबाची वही बंद ठेवून नेतृत्व मागणे हे व्यर्थ आहे.

कुटुंबाचा प्रश्नही येथे येतो. मालकाचा मुलगा वा पुतण्या उद्योगात असल्यास त्याचे व व्यवस्थापकाचे कार्यक्षेत्र लिखित स्वरूपात वेगळे करावे. मालकी कुटुंबाकडे राहील हे कर्मचाऱ्यास मान्य असते. त्यास खुपते ते वेगळेच : आपण शिकविलेला पोरगा कोणतीही जबाबदारी न घेता आपल्यावर हुकूम चालवितो, हे.

सुचविलेली कार्यपद्धती

१. काम आधी, व्यक्ती नंतर. नव्या पदावरील व्यक्तीने कोणते निर्णय घ्यावयाचे आहेत याची यादी एका पानावर लिहावी. त्यानंतरच नावे विचारात घ्यावीत.

२. निकष जाहीर असावेत. सेवेची वर्षे आणि मालकाशी जवळीक यांऐवजी पुढील बाबी पाहाव्यात : तो दुसऱ्यास काम शिकवितो काय? चूक झाल्यास लपवितो की सांगतो? भांडण झाल्यास सहकारी कोणाकडे जातात? गाव, जात वा नाते यांच्या गटांत काम वाटले जात असल्यास सर्व गटांस मान्य असणारी व्यक्ती शोधावी.

३. स्त्रियांचा विचार करावा. कपाशी व डाळ निवडणे, पॅकिंग अशा कामांत स्त्रियांची संख्या लक्षणीय असते. देखरेखीचे पद मात्र बहुधा पुरुषाकडे जाते. जेथे काम करणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया आहेत तेथे त्यांच्यातूनच प्रमुख निवडणे स्वाभाविक आहे.

४. परीक्षाकाल ठेवावा आणि परतीची वाट सन्मानाची असावी. एका हंगामापुरती 'प्रभारी' जबाबदारी द्यावी. जमले नाही तर मूळ कामावर, मूळ वेतनास धक्का न लावता परतता येईल, हे आधीच लिहून द्यावे.

५. वारस तयार करावा. फिटरला वर नेण्यापूर्वी त्याच्या हाताखाली दुसरा फिटर तयार झालेला असावा. हंगाम संपल्यावरचे महिने त्यासाठी उपयोगी पडतात.

६. वेतनाचा पूर्ण हिशेब मांडावा. जादा कामाचा बुडणारा मोबदला, विमा, बोनस यांची बेरीज करून नवे वेतन ठरवावे. विमासंरक्षण जात असल्यास पर्यायी आरोग्य विम्याचा हप्ता उद्योगाने भरावा.

७. कारागिरीची स्वतंत्र शिडी असावी. ज्यास माणसे सांभाळावयाची नाहीत, पण ज्याचे कौशल्य उच्च आहे, त्यास 'मुख्य कारागीर' म्हणून वेतन व मान वाढवून मिळावा. वर जाण्याचा मार्ग केवळ व्यवस्थापनातूनच जातो असे असल्यास चांगले कारागीर नाइलाजाने वाईट व्यवस्थापक होतात.

महाविद्यालयांची भूमिका

या विषयात महाविद्यालयांस करण्याजोगे पुष्कळ आहे. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येणाऱ्या आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालयांत वाणिज्य शाखेचे विद्यार्थी मोठ्या संख्येने आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार अभ्यासक्रमात कार्यप्रशिक्षणाचा समावेश झाला आहे. हे प्रशिक्षण प्रमाणपत्रापुरते न ठेवता, विद्यार्थ्याने एखाद्या स्थानिक उद्योगातील मुनीम, मुकादम वा वस्ताद यांच्या कामाची तपशीलवार नोंद करावी, असा प्रकल्प देता येईल. न लिहिलेले ज्ञान लिहून काढणे हा उद्योगाचाही लाभ आहे.

दुसरे, मुकादम आणि पर्यवेक्षक यांच्यासाठी हंगामाबाहेर सायंकाळचे लघु अभ्यासक्रम चालविता येतील. हिशेब वाचणे, पाळ्यांचे नियोजन, तक्रार ऐकणे, कामगार कायद्यांची मूलभूत ओळख, एवढेच विषय पुरेत. भाषा मराठी असावी आणि उदाहरणे जिनिंगमधील, डाळ मिलमधील, सराफी पेढीवरील असावीत. परदेशी कंपन्यांच्या उदाहरणांनी भरलेली पाठ्यपुस्तके येथे कमी पडतात. वर्गात शिकविले जाणारे मनुष्यबळ व्यवस्थापन आणि गावातील उद्योग यांतील अंतर कमी करण्याची जबाबदारी अध्यापकांची आहे.

समारोप

लघुउद्योगात विश्वासू माणसांची उणीव नसते. उणीव असते ती त्या विश्वासाचे अधिकारात रूपांतर करण्याच्या तयारीची. किर्लोस्करवाडीपासून डबेवाल्यांपर्यंतचे दाखले सांगतात की, सामान्य शिक्षणाची माणसे मोठी जबाबदारी पेलू शकतात; मात्र ती जबाबदारी खरी असावी लागते. पीटर तत्त्व आणि वेतनाचा हिशेब सांगतो की, निवड व मोबदला यांचा विचार न करता दिलेली बढती कर्मचाऱ्यास शिक्षेसारखी ठरू शकते.

ज्या उद्योगातील मालकाची पुढील पिढी दूर गेली आहे तेथे हा प्रश्न उद्योगाच्या अस्तित्वाचा आहे. असा उद्योग बंद पडल्यास केवळ मालकाचे नुकसान होत नाही; तेथील मुकादम, फिटर, मुनीम आणि निवडकाम करणाऱ्या स्त्रिया यांचे संचित ज्ञानही वाया जाते. म्हणून मालक धडधाकट असतानाच, पुढील हंगाम सुरू होण्यापूर्वी, एक तरी निर्णय त्याने दुसऱ्याच्या हाती सोपवावा आणि परत मागू नये. नेतृत्वनिर्मितीचा आरंभ पदनामापासून होत नाही. तो अशा एका सोडलेल्या निर्णयापासून होतो.